जोडलेला फोटो खोटा कसा?

अमेरिकन छायाचित्रकार जेरी यूल्समन यांच्या १९८२ सालच्या एका फोटोत घर आहे, पण घराला जोतं नाही. जोत्याच्या जागी एका प्रचंड झाडाची मुळं आहेत आणि भिंती त्या मुळांतूनच वर आल्यासारख्या उभ्या आहेत. भिंत नेमकी कुठे संपते आणि मूळ कुठे सुरू होतं, हे बघायला फोटो डोळ्यांजवळ नेला तरी सांधा सापडत नाही. फोटोला शीर्षक नाही. त्यांच्या बहुतेक फोटोंना नसायचं. संगणकाचा यात काडीचाही संबंध नाही. फोटोशॉप बाजारात यायला तेव्हा आठ वर्षं अवकाश होता. हे सगळं डार्करूममध्ये, म्हणजे फोटो छापायच्या अंधाऱ्या खोलीत, सेफलाइट नावाच्या दिव्याच्या मंद उजेडात, एका कागदावर झालं.

आज हा फोटो आपल्याकडच्या एखाद्या हौशी छायाचित्र स्पर्धेला पाठवला तर बहुधा पहिल्याच फेरीत बाद होईल. प्रवेशपत्रिकेवर ओळ ठरलेली असते : एडिट केलेले, जोडलेले फोटो स्वीकारले जाणार नाहीत. त्याच स्पर्धेत एखाद्याने नदीकाठच्या म्हाताऱ्या कोळ्याला पैसे देऊन तीन-तीनदा जाळं फेकायला लावलं आणि खाली ‘पहाटेची लगबग’ असं लिहून फोटो दिला, तर त्याला कोणी हटकत नाही. हा नियम चुकीच्या दारावर पहारा देतो आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. फोटो जोडला की नाही, यावर त्याचा खरेखोटेपणा ठरत नाही. तो काय म्हणून आपल्यापुढे ठेवला गेला, यावर ठरतो. स्पर्धांपुरताच हा प्रश्न असता तर एवढं लिहिलं नसतं. पण आता कायदासुद्धा याच चुकीच्या दाराकडे निघाला आहे.

यूल्समन यांचं काम नीट पाहिलं की या वादातलं बरंच धुकं निवळतं, म्हणून आधी त्यांच्याकडे जाऊ. १९३४ साली डेट्रॉइटमध्ये जन्मलेल्या या माणसाने रॉचेस्टरला, म्हणजे कोडॅकच्या गावात, मायनर व्हाइट यांच्यासारख्या शिक्षकाच्या हाताखाली छायाचित्रणाचे धडे घेतले. पुढे इंडियाना विद्यापीठात हेन्री होम्स स्मिथ भेटले. १९६० साली यूल्समन फ्लोरिडा विद्यापीठात शिकवायला लागले आणि १९९८ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. २०२२ साली गेले तेही त्याच गेन्सव्हिल गावात. ते शिकत होते तेव्हा अमेरिकेत ‘स्ट्रेट फोटोग्राफी’चा दबदबा होता. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे छायाचित्रकारांनी १९३२ मध्ये एफ/६४ नावाचा गट काढला होता आणि त्यांची शिस्त कडक होती : शटर दाबण्याआधीच अंतिम प्रिंट मनात दिसली पाहिजे. एक निगेटिव्ह, एक दृश्य, एक प्रिंट. यूल्समन यांनी १९६५ साली याच्या उलट भूमिका मांडली आणि तिला ‘पोस्ट-व्हिज्युअलायझेशन’ म्हटलं. त्यांचं म्हणणं असं की विचार शटरपाशी संपायचं काहीच कारण नाही. चित्र डार्करूममध्येही सुचू शकतं. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचं स्वतंत्र प्रदर्शन लागलं.

आता ते करायचे काय? साधारणपणे डार्करूममध्ये एक एन्लार्जर असतो, म्हणजे निगेटिव्हमधून उजेड सोडून तिची मोठी प्रतिमा कागदावर पाडणारं यंत्र. यूल्समन यांच्याकडे ओट्यावर ओळीने अनेक एन्लार्जर मांडलेले असत आणि प्रत्येकात वेगळी निगेटिव्ह. एकात मुळं, दुसऱ्यात घर, तिसऱ्यात ढग. कोऱ्या कागदाचा प्रवास पहिल्या एन्लार्जरपासून सुरू व्हायचा. मुळांचा भाग कागदावर उमटवताना वरचा भाग काळ्या कार्डाने झाकायचा. मग तोच कागद दुसऱ्या एन्लार्जरखाली, आणि आता खालचा भाग झाकायचा. खरी मेख त्या कार्डात आहे. कार्ड कागदाला टेकवलं तर कड सुरीने कापल्यासारखी येते आणि जोड उघडा पडतो. तेच कार्ड लेन्स आणि कागद यांच्या मधे अधांतरी धरलं, किंचित हलतं ठेवलं, तर सावलीची कड विरघळते. पहिल्या निगेटिव्हचा उजेड जिथे हळूहळू कमी होत जातो, नेमकं तिथेच दुसरीचा हळूहळू वाढत यायला हवा. दोन उतार एकमेकांत अचूक बसले तरच सांधा नाहीसा होतो. एवढं होईपर्यंत कागद पांढराच असतो. काय जमलं आणि काय फसलं, हे तो डेव्हलपरमध्ये, म्हणजे प्रतिमा उमटवणाऱ्या रसायनात, बुडवल्यावर कळणार. म्हणून आधीच एका साध्या कागदावर प्रत्येक प्रतिमेच्या कडा पेन्सिलीने आखून ठेवायच्या आणि त्या खुणांवर निगेटिव्ह बसवायच्या.

अडचणी एवढ्यावर संपत नाहीत. घराच्या फोटोत ऊन डावीकडून आणि झाडाच्या फोटोत उजवीकडून असेल तर बघणाऱ्याला काय बिनसलंय ते सांगता येणार नाही, पण बिनसलंय हे नक्की जाणवेल. मग एक निगेटिव्ह उलटी घालून बघायची. ढगाळ दिवसाची निगेटिव्ह मऊ असते, म्हणजे तिच्यात उजेड-अंधाराचा फरक कमी, आणि भर दुपारची कडक. एकाच कागदावर दोघींचा सूर जुळवायचा. एक निगेटिव्ह दुसरीपेक्षा जास्त मोठी केली तर तिचा दाणा, म्हणजे फिल्मवरचे बारीक कण, जाड दिसतो आणि चोरी पकडली जाते. शेवटच्या निगेटिव्हच्या वेळी दोन सेकंद जास्त उजेड पडला की सगळा कागद कचऱ्याच्या टोपलीत, पुन्हा पहिल्यापासून. माझ्या मते ज्याला फोटो म्हणजे काय हे शिकायचंय त्याने एकदा तरी दोन निगेटिव्हचा असा सांधा जुळवून बघावा. उजेडाची दिशा, दाणा, कडक-मऊपणा, दृष्टीची उंची ही फोटोची सगळी हाडं त्या एका सांध्यात हाताला लागतात.

आणि हे निगेटिव्ह जोडणं यूल्समन यांनी शोधून काढलेलं नव्हतं. छायाचित्रणाच्या पहिल्या वीस वर्षांतच ते सुरू झालं, तेही नाइलाजाने. त्या काळच्या कोलोडियन प्लेट, म्हणजे रसायनाचा लेप दिलेल्या काचा, निळ्या रंगाला फार हळव्या होत्या. समुद्र नीट आला की आकाश पार जळून पांढरं व्हायचं. फ्रान्समध्ये ग्यूस्ताव्ह ल ग्रे याने १८५०च्या दशकात आकाशाची एक आणि समुद्राची एक अशा दोन निगेटिव्ह जोडून सागरचित्रं केली. १८५७ साली ऑस्कर रेलँडर याने तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून सदाचार आणि चैन यांचं एक भलंमोठं रूपकचित्र उभं केलं, आणि व्हिक्टोरिया राणीने त्याची एक प्रत विकत घेतली. वर्षभराने हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच निगेटिव्हमधून एक मरणासन्न मुलगी आणि तिच्याभोवतीचं घर रचलं. त्या चित्रावर बराच गहजब झाला. तेव्हा ‘शुद्ध’ फोटो आधी होता आणि ‘भेसळ’ नंतर आली, ही समजूत इतिहासाला धरून नाही.

शुद्धतेचे पुरस्कर्ते तरी डार्करूममध्ये हात बांधून बसत होते का? अ‍ॅडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय टिपला. त्या निगेटिव्हच्या सुरुवातीच्या प्रिंट आणि पुढच्या दशकांतल्या प्रिंट शेजारी ठेवून बघाव्यात. आधी आकाश करडं आहे, ढगांच्या रेघा दिसतात. नंतरच्या प्रिंटमध्ये ते जवळजवळ काळं झालं आहे. तो चंद्र आज ज्या थाटाने चमकतो, त्याचा निम्मा थाट डार्करूमचा आहे. मला ते चित्र अतिशय प्रिय आहे आणि अ‍ॅडम्स यांच्यावर आक्षेप घ्यायचा नाही. सांगायचंय ते इतकंच की ‘काही केलेलं नाही’ अशी रेषा आखायला गेलं तर ती रेषा कोणाच्याच कामी येत नाही.

आपल्या तालुक्याच्या गावांतले जुने फोटो स्टुडिओ आठवावेत. आजोबांचा एकुलता एक फोटो कुठल्याशा ग्रुपमधला, डोक्यावर टोपी, अंगात मळकट सदरा. मुलगा तो घेऊन स्टुडिओत यायचा. रीटचिंग करणारा माणूस चेहरा वेगळा काढायचा, मोठा करायचा, सुरकुत्यांवर पेन्सिल फिरवायचा, अंगात कोट चढवायचा आणि हवं असेल तर शेजारी आजीही बसवायचा, मग दोघं आयुष्यात एकत्र कॅमेऱ्यासमोर कधी बसलेले नसले तरी. तो फोटो हार घालून भिंतीवर लागायचा. घरातल्या प्रत्येकाला माहीत असायचं की आजोबांनी कोट कधी घातला नव्हता. कोणाची फसवणूक झाली? कोणाचीही नाही. उलट जे आयुष्यात राहून गेलं ते निदान भिंतीवर तरी जुळवलं, याचं समाधान होतं. बनवणारा आणि बघणारा यांच्यात काय ठरलं आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.

हेच तंत्र खोटेपणासाठी वापरता येतं, आणि वापरलं गेलं आहे. विल्यम मम्लर नावाचा अमेरिकन छायाचित्रकार १८६०च्या दशकात गिऱ्हाइकांच्या मागे त्यांच्या मृत आप्तांची धूसर आकृती उमटवून देत असे आणि हे खरोखरचे आत्मे आहेत असं सांगून पैसे घेत असे. १८६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला चालला. पुराव्याअभावी तो सुटला. पुढे लिंकनच्या विधवेनेही त्याच्याकडे फोटो काढून घेतला. तिच्या खांद्यांवर नवऱ्याच्या आकृतीचे हात आहेत. एका प्रतिमेवर दुसरी चढवण्याची ही युक्ती यूल्समन यांच्या कित्येक फोटोंतही दिसते. एकाने सांगितलं, हा तुमचा मेलेला नवरा आहे. दुसऱ्याने सांगितलं, हे मी रचलेलं चित्र आहे. मम्लरने दुःखी माणसांना लुबाडलं आणि यूल्समन यांनी कोणालाही लुबाडलं नाही. फरक सगळा त्या सांगण्यात आहे.

‘मग जोडलेल्या फोटोवर जोडलेला आहे असा शिक्का मारा, म्हणजे झालं,’ असं यावर कोणी म्हणेल. म्हणणं रास्त वाटतं, पण १९५० साली अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात जे घडलं त्याने मला या उपायाबद्दल कायमचं सावध केलं आहे. सिनेटर मिलर्ड टायडिंग्ज हे, सरकारात कम्युनिस्ट घुसले आहेत या सिनेटर मॅकार्थीच्या आरोपांची चौकशी करणाऱ्या उपसमितीचे अध्यक्ष होते. त्यांच्या निवडणुकीच्या ऐन तोंडावर विरोधकांच्या बाजूने एक पत्रक वाटलं गेलं. त्यात टायडिंग्ज कम्युनिस्ट नेते अर्ल ब्राउडर यांचं बोलणं मन लावून ऐकताना दिसत होते. दोन वेगवेगळ्या प्रसंगांचे जुने फोटो कापून शेजारी लावले होते. आणि खालच्या मजकुरात हा ‘कॉम्पोझिट’ म्हणजे जोडलेला फोटो आहे, असं चक्क छापलंही होतं. शिक्का होता. टायडिंग्ज निवडणूक हरले. हरण्यामागे इतरही कारणं असतील, पण पुढे सिनेटच्या समितीने चौकशी करून त्या पत्रकावर कडक ताशेरे ओढले. तंत्राबद्दल खरं सांगून माणसाबद्दल खोटं सांगता येतं, हे तिथे सिद्ध झालं. मतदाराने दोन माणसं एकत्र पाहिली. बारीक अक्षरांतला शब्द कोण वाचतो?

म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने कृत्रिम मजकुराला लेबल लावण्याबद्दल नियमांचा जो मसुदा काढला, तो वाचताना मला टायडिंग्ज आठवले. दृश्य मजकुराच्या किमान १० टक्के जागेवर लेबल हवं, अशी त्यात अट होती. व्याख्या केली होती ती संगणकाच्या साहाय्याने तयार केलेल्या किंवा बदललेल्या आणि खऱ्यासारख्या दिसणाऱ्या मजकुराची. डीपफेकमुळे, म्हणजे एआयने बनवलेल्या खोट्या फोटो-व्हिडिओंमुळे, माणसं, विशेषतः बायका, उद्ध्वस्त होतात. तेव्हा सरकारने काहीतरी करायला हवं याबद्दल दुमत नाही. पण ही व्याख्या यूल्समन यांच्या कामाला लावून बघा. त्यांचं घर-मुळांचं चित्र संगणकाशिवाय झालेलं, म्हणून लेबलाची गरज नाही. त्यांच्या एकेकाळच्या पत्नी मॅगी टेलर संगणक आणि स्कॅनर वापरून तशीच स्वप्नवत चित्रं करतात; अशी चित्रं खऱ्यासारखी दिसतात की नाही यावर कारकुनी खल सुरू होणार. आणि टायडिंग्ज यांना बदनाम करणारा कात्री-डिंकाचा फोटो? तोही हाताने केलेला, म्हणजे बिनलेबलाचा सुटला. कारागिरीचं साधन बघून नियम केला की कलावंत अडकतो आणि लबाड मोकळा राहतो.

त्याहून मोठा घोटाळा पुढेच आहे. आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर जे खोटे फोटो फिरतात, त्यांतल्या कितीकांना कोणी हातही लावलेला नसतो. कुठल्या तरी परक्या देशातल्या दंगलीचा फोटो, पाच-सात वर्षांपूर्वीच्या पुराचा फोटो. खाली ओळ मात्र आपल्या गावाची आणि आजच्या तारखेची. या फोटोंची तांत्रिक तपासणी केली तर ते शंभर नंबरी अस्सल ठरतील. लेबल लावण्यासारखं त्यांत काहीच नाही. विष सगळं खालच्या ओळीत आहे. वर्ल्ड प्रेस फोटो या स्पर्धेने हे ओळखलं. तिथे शेवटच्या टप्प्यातल्या फोटोंच्या मूळ फाइल मागवून तपासतात आणि बातमीच्या फोटोत काही घातलं किंवा काढलं असेल तर बाद करतात. ते योग्यच आहे. वार्ताचित्र म्हणजे ‘हे असं घडलं’ असा दिलेला शब्द असतो. पण २०१५ मध्ये त्यांनी बेल्जियमच्या शार्लेरुआ शहरावरच्या एका मालिकेला दिलेलं पारितोषिक काढून घेतलं, ते कशासाठी? त्यातला एक फोटो शार्लेरुआचा नसून ब्रसेल्सच्या एका भागातला निघाला म्हणून. ठिकाण चुकीचं सांगितलं होतं, आणि तेवढ्यावर पारितोषिक गेलं. मला हा निर्णय अतिशय योग्य वाटतो.

आता एक सोयीस्कर निष्कर्ष काढणारे लोक पुढे येतात, आणि त्यांच्याशीही माझं पटत नाही. ते म्हणतात, यूल्समन यांनी डार्करूममध्ये केलं तेच आज आम्ही एआयला दोन ओळी लिहून करतो. साधन बदललं, बाकी सगळं तेच. हे मला साफ नामंजूर आहे. घर, मुळं, ढग, पाण्यावर तरंगणारं झाड. यूल्समन यांच्या चित्रातला प्रत्येक तुकडा एकेकाळी त्यांच्या कॅमेऱ्यासमोर उभा होता. ते तिथे गेले होते, उजेड बघितला होता, शटर दाबलं होतं. कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे निगेटिव्ह आहेत त्याच आकारात छापलेल्या कागदावर, त्या सगळ्या ओळीने असत आणि त्या चाळता चाळता कुठलं काय कशाशी बोलतंय हे ते शोधत. चित्र अशक्य, पण त्याचा कच्चा माल पुरता खरा. एआयने बनवलेल्या प्रतिमेला असा पूर्वजच नाही. तिच्यामागे असंख्य अनामिक छायाचित्रकारांचं काम आहे, त्यांना न विचारता वापरलेलं, आणि त्यातलं कुठलं कुठे गेलं हे ती बनवणाऱ्यालाही दाखवता येणार नाही. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताने सोनी वर्ल्ड फोटोग्राफी पुरस्कारांत एआयने बनवलेली प्रतिमा दिली, ती ‘क्रिएटिव्ह’ गटात जिंकली, आणि मग त्याने पारितोषिक नाकारलं. फोटो आणि एआयची प्रतिमा या दोन गोष्टी एकाच स्पर्धेत नसाव्यात, असं त्याचं म्हणणं होतं. मलाही तेच वाटतं. एआयची प्रतिमा खोटी असते म्हणून नव्हे. तिचा जमाखर्च मांडता येत नाही म्हणून. कला म्हणून ती चांगली असू शकेल, तिला तिचा वेगळा गट द्यावा.

तेव्हा माझी मागणी सरळ आहे. स्पर्धांच्या प्रवेशपत्रिकेतली ‘जोडलेले फोटो बाद’ ही ओळ खोडून टाका. तिच्या जागी दोन प्रश्न विचारा : हा फोटो तुम्ही घडलेली घटना म्हणून देत आहात की रचलेलं चित्र म्हणून? आणि त्यातला प्रत्येक तुकडा तुम्ही स्वतः टिपला आहे का? पहिल्या प्रश्नाला ‘घटना’ असं उत्तर असेल तर मूळ फाइल, ठिकाण, तारीख आणि समोरच्या माणसाला काही करायला सांगितलं होतं का, हे सगळं तपासा, आणि आज तपासता त्याहून कडकपणे. नदीकाठचा तो कोळी तिथेच अडकेल. उत्तर ‘रचलेलं’ असेल तर मूळ फ्रेम मागवा, त्या प्रिंटशेजारी टांगा, लोकांनाही बघू द्या. कायद्यालाही हीच कसोटी पुरते : कोणाची बदनामी, कोणाची फसवणूक, कोणाच्या संमतीचा भंग होतोय का ते बघा; ते संगणकाने केलं की कात्रीने, हा प्रश्न दुय्यम ठेवा.

मूळ फ्रेम मागितल्या तर हौशी लोक कंटाळतील, असं आयोजक म्हणतात. मोबाइलवर काढलेला फोटोसुद्धा आज मूळ स्वरूपात जपून ठेवता येतो, आणि तीन-चार फाइल जास्त पाठवायला मिनिटभरही लागत नाही. ज्याने खरोखर खपून चित्र जोडलं आहे, तो त्या फ्रेम आनंदाने देईल. आपली मेहनत कोणीतरी बघावी हे त्याला हवंच असतं.